मुरवणे, द्रवपदार्थ : सोलापूर परिसरातील इतिहास

द्रवपदार्थ मुरवणे : वनस्पतिज किंवा अन्य द्रव्य पाणी, मद्य, तेल, ग्लिसरीन यांसारख्या द्रवात घालून ते मिश्रण बंद पात्रात ठरावीक काळ स्वस्थ ठेवणे, द्रव्यातील रंग, गंध, रस व औषधी घटक द्रवात उतरू देणे आणि उतरलेले घटक परस्परांशी एकजीव होऊ देणे, या क्रियेस ‘मुरवणे’ म्हणतात. मराठीत ‘मुरणे’ हे क्रियापद लोणच्याला लागते, मोरावळ्याला लागते, जमिनीत जिरणाऱ्या पावसाला लागते आणि एखाद्या व्यवसायात वर्षानुवर्षे घालवलेल्या माणसालाही लागते. या सर्व अर्थांत काळ हा घटक समान आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात श्राव्यातीत ध्वनीच्या (माणसाच्या कानाला ऐकू न येणाऱ्या, सेकंदाला २०,००० पेक्षा अधिक कंपने असलेल्या ध्वनीच्या) साहाय्याने वस्तू स्वच्छ करणारी उपकरणे प्रचारात आली. पुढे त्यांचे लहान नमुने घरोघरी पोहोचले आणि बाटलीबंद द्रव अशा उपकरणात ठेवून आठवड्यांचे मुरणे काही मिनिटांत उरकण्याचे प्रयोग हौशी लोक करू लागले. त्यामुळे मुरण्यात काळाचा वाटा नेमका किती, हा जुना प्रश्न नव्या स्वरूपात पुढे आला. सोलापूर जिल्ह्यात द्राक्ष या एकाच फळाच्या आधारे मुरण्याच्या बहुतेक सर्व अवस्था पाहावयास मिळतात. म्हणून या प्रश्नाचा विचार करण्यास तो परिसर सोयीचा आहे.

मुरण्यातील तीन क्रिया : व्यवहारात एकाच शब्दाने ओळखल्या जाणाऱ्या मुरण्यात प्रत्यक्षात तीन भिन्न क्रिया अंतर्भूत असतात. पहिली क्रिया निष्कर्षणाची होय. वनस्पतीच्या पेशींत बंदिस्त असलेले घटक पेशीभित्ती ओलांडून द्रवात येतात. या क्रियेचा वेग द्रव्य किती बारीक कुटले आहे, तापमान किती आहे आणि द्रव किती ढवळला जातो यांवर अवलंबून असतो. दुसरी क्रिया किण्वनाची. यीस्ट हे सूक्ष्मजीव शर्करेचे एथिल अल्कोहॉल व कार्बन डाय-ऑक्साइड यांत रूपांतर करतात. ही सजीवांची क्रिया असल्यामुळे तिचा वेग सूक्ष्मजीवांच्या वाढीवर ठरतो. तिसरी क्रिया परिपक्वनाची. द्रवात उतरलेली अम्ले, अल्कोहॉले, टॅनिने व रंगद्रव्ये यांच्यात मंद रासायनिक विक्रिया होतात. एस्टरे तयार होतात, टॅनिनांचे लहान रेणू एकमेकांस जोडले जाऊन तुरटपणा कमी होतो आणि अल्प प्रमाणात शिरणाऱ्या ऑक्सिजनामुळे रंग स्थिर होतो. काही प्रकारांत यांपैकी एकच क्रिया असते. साध्या काढ्यात निष्कर्षण पुरते, तर आसवारिष्टांत व द्राक्षमद्यात तिन्ही क्रिया क्रमाने घडतात. मुरवण्याचा काळ कमी करण्याच्या प्रत्येक उपायाचे मूल्यमापन करताना तो उपाय या तिहींपैकी कोणत्या क्रियेवर चालतो, हे प्रथम पाहावे लागते.

प्राचीन परंपरा : भारतीय वैद्यकात या क्रियांचे वर्गीकरण फार पूर्वीच झाले होते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात आसवांच्या नऊ योनी म्हणजे उगमद्रव्ये सांगितली असून धान्यांपासून ६, फळांपासून २६, मुळांपासून ११, सारांपासून म्हणजे वृक्षांच्या गाभ्यापासून २०, फुलांपासून १०, कांडांपासून ४, पानांपासून २, सालींपासून ४ व शर्करेपासून १ अशा एकूण ८४ आसवांची गणना केलेली आहे. फळांचा वर्ग सर्वांत मोठा असून द्राक्षाला त्यात स्थान आहे.

पुढे शार्ङ्गधरसंहितेत (सु. तेरावे-चौदावे शतक) निष्कर्षणाच्या पद्धती अधिक काटेकोरपणे मांडलेल्या आढळतात. कुटलेले द्रव्य सहापट थंड पाण्यात रात्रभर ठेवून सकाळी गाळून घेतले म्हणजे ‘हिम’, चौपट उकळत्या पाण्यात थोडा वेळ ठेवून गाळले म्हणजे ‘फांट’ आणि उकळून आटवले म्हणजे ‘क्वाथ’. हिम व फांट यांतील भेद तापमान आणि काळ यांच्या परस्परविनिमयाचा आहे. थंड पाण्याला जे काम रात्रभर लागते, त्यातील बरेचसे उष्ण पाणी थोड्या अवधीत करते. मात्र सुगंधी व उष्णतेने बिघडणाऱ्या द्रव्यांसाठी हा विनिमय चालत नाही, म्हणून दोन्ही पद्धती स्वतंत्रपणे टिकून राहिल्या.

किण्वनाने सिद्ध होणाऱ्या कल्पांना शार्ङ्गधराने ‘संधान’ या सदरात घातले. न उकळलेल्या द्रवापासून होणारा तो आसव व क्वाथापासून होणारे ते अरिष्ट, असा भेद तेथे केला आहे. द्राक्षारिष्टाच्या त्याच्या पाठात अर्धा तुला म्हणजे ५० पल द्राक्षे दोन द्रोण पाण्यात उकळून चतुर्थांश उरवावयाची आणि निवलेल्या क्वाथात दोन तुला म्हणजे २०० पल गूळ घालावयाचा, असे प्रमाण आहे. त्यात दालचिनी, वेलदोडा, तमालपत्र, नागकेशर, मिरी, पिंपळी, वावडिंग इ. द्रव्ये पडतात. गुळाचे वजन द्राक्षांच्या चौपट असल्यामुळे किण्वनास लागणारी शर्करा मुख्यतः गुळातून येते, तर द्राक्षे रस, अम्लता व रंग पुरवतात. बहुतेक अरिष्टांत घातल्या जाणाऱ्या धायटीच्या फुलांमुळे टॅनिने मिळतात व किण्वनास चालना मिळते.

याच ग्रंथात औषधांच्या टिकाऊपणाविषयी एक महत्त्वाचा नियम आहे. चूर्णे, घृते, तेले यांचे गुण ठरावीक महिन्यांनंतर कमी होतात. परंतु आसव, धातूंची भस्मे व रसकल्प जितके जुने तितके गुणवान समजले जातात. काळ हा बहुतेक औषधांचा शत्रू असला, तरी किण्वित द्रवांच्या बाबतीत तो सहायक ठरतो, हे निरीक्षण त्यातून नोंदले गेले. आसवांतील अल्कोहॉल सूक्ष्मजीवांची वाढ रोखते आणि परिपक्वन मात्र चालू राहते, असे त्याचे आधुनिक स्पष्टीकरण देता येते.

धान्यराशी व पेव : संधानाचे पात्र म्हणून आतून तूप चोळलेले, धुरी दिलेले मातीचे घट घेत. घटाचे तोंड मातीने लिंपलेल्या कापडाने बंद करून तो धान्याच्या राशीत किंवा जमिनीत पुरून ठेवण्याचा विधी ग्रंथांत सांगितलेला आहे. या विधीचे प्रयोजन तापमान स्थिर राखणे हे होय. धान्याची रास उष्णता सावकाश घेते व सावकाश सोडते, त्यामुळे दिवसा व रात्रीच्या तापमानांतील फरक घटापर्यंत पोहोचत नाही. यीस्टची क्रिया फार थंडीत मंदावते आणि सु. ३५° से.च्या वर बिघडू लागते. सोलापूरसारख्या ज्या प्रदेशात उन्हाळ्यात पारा ४०° से.च्या पुढे जातो, तेथे या खबरदारीचे महत्त्व उघड आहे. शाळूच्या (रब्बी ज्वारीच्या) या मुलखात धान्य साठवण्यासाठी जमिनीत खोल पेव खणण्याची जुनी रीत होती. जमिनीच्या पोटातील सम तापमानाचा उपयोग करणे हेच तिचे तत्त्व होते. संधानाच्या घटाला धान्यराशीत ठेवणे व धान्याला पेवात ठेवणे, या दोन्हींमागे यंत्राविना तापमान राखण्याचे एकच ज्ञान दिसते.

घटाकडून बाटलीकडे : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत आसवारिष्टे वैद्याच्या घरी, त्या त्या रुग्णांपुरती तयार होत. १८७२ मध्ये पनवेल येथे श्री धूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना सुरू झाला. अशा कारखान्यांमुळे महाराष्ट्रात संधानकल्पांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन व बाटलीबंद विक्री होऊ लागली. मातीच्या घटाची जागा लाकडी पिंपांनी व पुढे धातूच्या टाक्यांनी घेतली. किण्वनाच्या पात्रातून द्रव काढून काचेच्या बाटलीत भरण्याची प्रथा रूढ झाल्याने मुरण्याचे दोन भाग पडले : निष्कर्षण व किण्वन कारखान्यात, तर परिपक्वनाचा उरलेला भाग दुकानाच्या फळीवर व ग्राहकाच्या घरी. बाटलीबंद द्रव घरी आणखी मुरू द्यावा की नाही, हा प्रश्नच मुळी या विभागणीनंतर निर्माण झाला.

आधुनिक कायद्यालाही या परंपरेची दखल घ्यावी लागली. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ यांत पुढे जी दुरुस्ती झाली, तीनुसार आयुर्वेदीय कल्पांची वापरण्यायोग्य मुदत ठरवून देण्यात आली. चूर्णांची मुदत दोन वर्षे, तर आसवारिष्टांची दहा वर्षे धरण्यात आली आहे. जुन्या ग्रंथांतील ‘जितके जुने तितके चांगले’ हा विश्वास या मुदतीने मर्यादित केला असला, तरी आसवारिष्टांना अन्य बहुतेक कल्पांहून अधिक काळ देण्यात आला, हे लक्षणीय आहे.

सोलापूरची द्राक्षे : भीमा, सीना व नीरा या नद्यांच्या खोऱ्यांत वसलेला सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण आहे. कमी पाऊस, कोरडी हवा व भरपूर सूर्यप्रकाश या गोष्टी ज्वारीला जशा मानवतात, तशाच सिंचनाची जोड मिळाल्यास द्राक्षालाही मानवतात. भीमेवरील उजनी धरण १९८० मध्ये पूर्ण झाल्यानंतर जिल्ह्यातील बागायतीस मोठी चालना मिळाली. उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज हे गाव द्राक्षशेतीसाठी प्रसिद्ध असून तेथील प्रयोगशील बागायतदार नानासाहेब काळे यांनी निवडलेली ‘सोनाका’ व ‘शरद सीडलेस’ ही बिनबियांची वाणे महाराष्ट्रभर पसरली. येथे वेलीची वर्षातून दोनदा छाटणी करतात. एप्रिलमधील छाटणीस खरड छाटणी व ऑक्टोबरच्या सुमाराच्या छाटणीस गोडी छाटणी म्हणतात. फळ जानेवारी ते एप्रिलच्या दरम्यान हाती येते.

पंढरपूर तालुक्यात, विशेषतः कासेगाव परिसरात, द्राक्षे वाळवून बेदाणा करण्याचा व्यवसाय वाढला. मुरवण्याच्या इतिहासाच्या दृष्टीने त्यातील एक पायरी महत्त्वाची आहे. द्राक्षाच्या सालीवर मेणासारख्या पदार्थाचा पातळ थर असतो व तो आतील पाण्यास सहज बाहेर पडू देत नाही. म्हणून घड पोटॅशियम कार्बोनेट व एथिल ओलिएट यांच्या पाण्यातील द्रावणात काही मिनिटे बुडवून मग सावलीच्या शेडमध्ये जाळ्यांवर पसरतात. या बुडवणीमुळे मेणाच्या थरातील अडसर दूर होतो व वाळण्याचा काळ सु. निम्म्यावर येतो. जेथे विलंबाचे कारण एखादा अडथळा असतो, तेथे तो दूर केल्यास काळ खरोखरच वाचतो. येथील शेतकऱ्यांनी ही गोष्ट रोजच्या व्यवहारात स्वीकारलेली आहे.

अकलूजचे द्राक्षमद्य : महाराष्ट्रात द्राक्षमद्याचे (वाइनचे) आधुनिक उत्पादन १९८० नंतर नारायणगाव (जि. पुणे) येथे व १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस नाशिक परिसरात रुजले. मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ यामुळे मद्यनिर्मितीवर कडक नियंत्रण होते. राज्य शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी स्वतंत्र धोरण जाहीर केल्यावर वाइनच्या कारखान्यांना वाव मिळाला. सोलापूर जिल्ह्यात माळशिरस तालुक्यातील अकलूज परिसरात मोहिते-पाटील, दिल्लीचे सेखरी व इटलीचे सेक्की या तीन कुटुंबांतील भावांनी एकत्र येऊन ‘फ्रातेल्ली’ हा उपक्रम २००७ च्या सुमारास सुरू केला. या इटालियन शब्दाचा अर्थ ‘भाऊ’ असा आहे. मोटेवाडी, गारवाड व निमगाव येथे त्यांचे मळे असून वाइनसाठीच्या वाणांची रोपे परदेशातून आणून लावण्यात आली. टस्कनीतील अनुभवी वाइननिर्माते पिएरो मासी यांच्या मार्गदर्शनाखाली संजोव्हेझे व काबर्ने सोव्हिन्यों या वाणांपासून ‘सेत्ते’ (सात) ही तांबडी वाइन तयार होऊ लागली. सहा भाऊ व सातवे मासी असा त्या नावाचा संदर्भ आहे.

तांबड्या वाइनच्या निर्मितीत मुरण्याच्या तिन्ही क्रिया स्पष्टपणे अलग दिसतात. बहुतेक काळ्या द्राक्षांचा गर रंगहीन असतो. रंगद्रव्ये व टॅनिने सालीत असतात. म्हणून द्राक्षे चिरडल्यावर रस सालींसह एक ते दोन आठवडे ठेवतात. या काळातच किण्वनही चालते. वर तरंगणाऱ्या सालींच्या थरावर खालचा रस पुनःपुन्हा फिरवला जातो आणि तापमान सामान्यतः २४° ते ३०° से.च्या दरम्यान राखले जाते. पूर्वी धान्यराशीकडे असलेले तापमान राखण्याचे काम येथे शीतकरणाची सोय असलेल्या पोलादी टाक्या करतात. नंतर रस गाळून निवडक वाइन ओकच्या लाकडी पिंपांत भरतात. सेत्तेसारखी वाइन अशा पिंपांत एक वर्षाहून अधिक काळ ठेवली जाते व त्यानंतर बाटलीतही परिपक्व होत राहते. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून अत्यल्प ऑक्सिजन आत येतो. लुई पाश्चर यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वाइनविषयक ग्रंथात हवेशी सावकाश येणारा संपर्क हेच वाइन जुनी होण्याचे मुख्य कारण असल्याचे प्रयोगांनी दाखवले होते. एकदम पुष्कळ हवा मिळाल्यास वाइन बिघडते. तीच हवा थोडीथोडी, दीर्घकाळ मिळाल्यास ती सुधारते.

श्राव्यातीत ध्वनीचे तंत्र : मुरण्याची गती वाढवण्यासाठी वापरात आलेल्या ध्वनितंत्राचा उगम स्वयंपाकघरापासून फार दूर आहे. १८७६ मध्ये फ्रान्सिस गॉल्टन यांनी माणसास ऐकू न येणारा उच्च स्वर काढणारी शिट्टी तयार केली. १८८० मध्ये प्येर व झाक क्यूरी या बंधूंनी क्वॉर्ट्‌झसारख्या स्फटिकांवर दाब दिला असता त्यांवर विद्युत् भार निर्माण होतो, हा दाबविद्युत् परिणाम शोधून काढला. उलट अशा स्फटिकास प्रत्यावर्ती विद्युत् दाब दिला असता तो आकुंचन-प्रसरण पावतो. पहिल्या महायुद्धात पाणबुड्यांचा शोध घेण्यासाठी पॉल लांझ्व्हँ यांनी या गुणधर्माचा उपयोग करून पोलादाच्या दोन पट्ट्यांमध्ये क्वॉर्ट्‌झचा थर बसवलेला ध्वनिप्रेषक १९१७ च्या सुमारास तयार केला. आजच्या घरगुती स्वच्छतायंत्राच्या तळाशी चिकटवलेला ऊर्जापरिवर्तक रचनेने त्याचाच वंशज आहे. केवळ क्वॉर्ट्‌झच्या जागी लेड झिर्कोनेट टायटॅनेट हा मृत्तिका-पदार्थ आला आहे.

या ध्वनीचा द्रवावरील परिणाम मुख्यतः पोकळीभवनामुळे होतो. ध्वनितरंगाच्या विरलनाच्या भागात द्रव ताणला जाऊन त्यात सूक्ष्म बुडबुडे निर्माण होतात व संपीडनाच्या भागात ते कोसळतात. ही घटना प्रथम जहाजांच्या पंख्यांच्या संदर्भात १८९५ मध्ये इंग्लंडमध्ये वर्णिली गेली आणि कोसळणाऱ्या बुडबुड्याचे गणित लॉर्ड रॅली यांनी १९१७ मध्ये मांडले. १९२७ मध्ये रॉबर्ट वुड व आल्फ्रेड लूमिस यांनी अमेरिकेत तीव्र श्राव्यातीत ध्वनीचे द्रवांवर व सजीवांवर होणारे परिणाम प्रयोगांनी दाखवले. तेल व पाणी यांचे पायस बनणे, पेशी फुटणे इ. परिणाम त्यांत होते. भारतात चंद्रशेखर वेंकट रामन व एन्. एस्. नागेंद्र नाथ यांनी १९३५-३६ मध्ये बंगलोर येथे द्रवातील श्राव्यातीत तरंगांमुळे होणाऱ्या प्रकाशाच्या विवर्तनाचा सिद्धांत मांडला. त्यामुळे द्रवांच्या अंतर्गत गुणधर्मांचा ध्वनीच्या साहाय्याने अभ्यास करण्यास बळ मिळाले. कोसळत्या बुडबुड्यात क्षणमात्र सु. ५,००० केल्व्हिनइतके तापमान निर्माण होते, असे १९८० नंतरच्या दशकातील मापनांवरून दिसून आले. बुडबुडा अतिसूक्ष्म व त्याचे आयुष्य अतिअल्प असल्यामुळे सभोवतालचा द्रव मात्र तितका तापत नाही.

दागिने, घड्याळांचे सुटे भाग, चष्मे व दंतवैद्यकातील उपकरणे स्वच्छ करण्यासाठी १९५० नंतर या तंत्राची यंत्रे प्रचारात आली. घरगुती नमुन्यात अगंज पोलादाची अर्धा ते तीन लिटर मापाची टाकी, तळाशी एक किंवा दोन ऊर्जापरिवर्तक व काही मिनिटांचे वेळमापक एवढीच सामग्री असते. कंप्रता सामान्यतः ४०,००० हर्ट्‌झच्या आसपास असते. टाकीतील पाण्यात ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख उभा धरला असता बुडबुड्यांच्या माऱ्याने त्यास छिद्रे पडतात. यंत्र कार्यक्षम आहे की नाही, हे पाहण्याची ही साधी व मान्य चाचणी होय.

बाटलीबंद द्रवांवरील घरगुती प्रयोग : घरी मसाल्याचे अर्क, फळांचे रस वा सुगंधी मिश्रणे बाटलीत भरून ती बाटली यंत्राच्या पाण्यात ठेवण्याची पद्धत हौशी लोकांत पसरली. इलेक्ट्रॉनिक सिगारेटसाठी वापरल्या जाणाऱ्या द्रवांच्या बाबतीत परदेशांत ती विशेष प्रचलित झाली. हे द्रव ग्लिसरीन, प्रोपिलीन ग्लायकॉल, सुगंधी द्रव्ये व बहुधा निकोटीन यांचे मिश्रण असतात. २०° से. तापमानास ग्लिसरीन पाण्याच्या हजारपटीहून अधिक दाट असल्यामुळे त्यात सुगंध सारखा पसरण्यास दिवस लागतात. तो काळ वाचवणे हा या प्रयोगांचा हेतू असतो. २००३ च्या सुमारास चीनमध्ये होन लिक यांनी तयार केलेल्या आद्य इलेक्ट्रॉनिक सिगारेटमध्येही द्रवाचे तुषार करण्यासाठी श्राव्यातीत ध्वनीच वापरला होता. काही दिवसांत असा द्रव तपकिरी होतो, तेव्हा तो ‘मुरला’ असे समजले जाते. वस्तुतः रंग बदलण्याचे एक प्रमुख कारण निकोटिनाचे ऑक्सिडीभवन हे असते. रंग गडद होणे म्हणजे परिपक्व होणे नव्हे. भारतात संसदेने २०१९ मध्ये केलेल्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक सिगारेटांचे उत्पादन, आयात, विक्री, साठवण व जाहिरात यांवर बंदी घातली आहे. विड्या वळणाऱ्या स्त्रियांचे सोलापूर हे मोठे केंद्र असून तंबाखूचे आरोग्यावरील परिणाम हा त्या शहराच्या दृष्टीने केवळ पुस्तकी विषय नाही.

बाटलीबाहेरच्या पाण्यातून येणाऱ्या ध्वनीची बरीच ऊर्जा काचेच्या पृष्ठभागावर परावर्तित होते व उरलेलीच आतील द्रवास मिळते. प्लॅस्टिकच्या मऊ बाटलीत शोषणामुळे ती आणखी घटते. शिवाय यंत्र काही वेळ चालू राहिल्यावर टाकीतील पाणी तापते. त्यामुळे द्रवात दिसून येणारा बदल ध्वनीमुळे झाला की उष्णतेमुळे, हे वेगळे करावे लागते. त्यासाठी एकाच मिश्रणाचे तीन भाग करून एक यंत्रात, दुसरा तितक्याच तापमानाच्या स्थिर पाण्यात व तिसरा अंधाऱ्या कपाटात ठेवून तुलना करणे हाच योग्य मार्ग होय. अशा तुलनेवाचून काढलेल्या निष्कर्षात ‘फांटा’चे श्रेय ध्वनीला दिले जाण्याचा संभव असतो.

मुरण्याच्या तीन क्रियांवर या ध्वनीचा परिणाम सारखा होत नाही. निष्कर्षणात विलंबाचे कारण पेशीभित्तीचा अडसर असते. कोसळणारे बुडबुडे पेशीभित्ती फोडतात व द्रव घुसळतात, त्यामुळे काळ स्पष्टपणे वाचतो. बेदाण्यासाठी द्राक्षे बुडवताना मेणाच्या थराबाबत जे साधते, तेच येथे पेशीभित्तीबाबत साधते. किण्वनात ध्वनीची तीव्रता कमी असल्यास यीस्टला काहीशी चालना मिळू शकते. परंतु तीव्र ध्वनीने यीस्टच्याच पेशी फुटतात. परिपक्वनात विलंबाचे कारण कोणताही अडथळा नसून विक्रियांचा स्वाभाविक मंदपणा व ऑक्सिजनाचा अल्प पुरवठा हे असते. तीव्र ध्वनीमुळे पाण्याच्या रेणूंचे विघटन होऊन क्रियाशील मूलके व अल्प हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होतात. त्यांच्यामुळे ऑक्सिडीभवन वेगाने होते, पण ते पिंपातील संथ ऑक्सिडीभवनासारखे नसते. रंगद्रव्यांचा व सुगंधाचा ऱ्हास होण्याचाही धोका असतो.

सुरक्षिततेच्या दृष्टीनेही काही पथ्ये आवश्यक आहेत. मद्यार्कासारखा ज्वालाग्राही द्रव यंत्राच्या टाकीत थेट ओतू नये; तापलेल्या द्रवाची वाफ विजेच्या ठिणगीने पेटू शकते. घट्ट बुचाच्या भरलेल्या बाटलीत तापल्यामुळे दाब वाढतो, म्हणून ती काठोकाठ भरलेली नसावी. बाजारातील आसवारिष्टे व अन्य औषधे यंत्रात ठेवू नयेत. त्यांतील घटकांचे प्रमाण व मात्रा विशिष्ट प्रक्रियेला धरून ठरलेली असते आणि ती प्रक्रिया बदलल्यावर औषध तेच राहील, याची खात्री देता येत नाही.

उद्योगातील स्थान : वाइन उद्योगात या तंत्राचा विचार मोठ्या प्रमाणावर झाला आहे. स्पेनमधील मूर्सिया विद्यापीठातील संशोधनात चिरडलेल्या तांबड्या द्राक्षांवर श्राव्यातीत ध्वनीचा प्रयोग केला असता, सालींसह सु. आठवडाभर ठेवून मिळणारा रंग दोन-तीन दिवसांत मिळू शकतो, असे आढळले. आंतरराष्ट्रीय द्राक्षवेल व वाइन संघटनेने २०१९ मध्ये या वापरास मान्यता देणारा ठराव केला. टाकी लवकर रिकामी झाल्यास शीतकरणाचा खर्च वाचतो. उष्ण हवेच्या व कमी दिवसांत सर्व पीक हाती येणाऱ्या सोलापूरसारख्या प्रदेशात या बचतीचे मोल अधिक असू शकते. परंतु हा ठराव चिरडलेल्या द्राक्षांतून घटक काढून घेण्यापुरता, म्हणजे मुरण्याच्या पहिल्या क्रियेपुरता आहे. पिंपातील व बाटलीतील परिपक्वन त्याच्या कक्षेत येत नाही.